सहीच्या टेबलाशी पोचल्यावर काय बोलावं, आणि त्याआधी काय करावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ज्या लेखिकेची पुस्तकं तुम्ही शाळेत असल्यापासून वाचत आलात, त्या पहिल्यांदाच तुम्हाला जाता येईल अशा कार्यक्रमाला येताहेत. आधी तासभर गप्पा आणि वाचन, मग सह्या. तुमच्याकडे त्यांची सगळी पुस्तकं आहेत. त्यातली किती न्यावीत? प्रश्न विचारावा का? पत्र दिलं तर चालेल का? फोटो मागावा का? ज्या बहिणीमुळे ही पुस्तकं तुमच्या हातात आली तिला येता येणार नाही, तर तिच्यासाठी काय करावं? आणि सगळ्यात मोठी धास्ती ही, की समोर गेल्यावर तोंडातून शब्दच फुटला नाही तर?

अशा कार्यक्रमांत सहीच्या टेबलाशी उभं राहणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे. वाचकाच्या हातातून पुस्तक घ्यायचं, योग्य पान उघडून लेखकासमोर ठेवायचं, चिठ्ठीवरचं नाव वाचून दाखवायचं, सही झाली की पुस्तक परत द्यायचं. त्यामुळे दोन्हीकडचे चेहरे मला हातभर अंतरावरून दिसतात. तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीचं बरंचसं त्यावरून ठरतं.

आधी वेळेचा हिशेब पाहू. सभागृहात २०० माणसं असतील आणि प्रत्येकाला ४० सेकंद दिले, तर सह्या संपायला सव्वादोन तास लागतात. त्याआधी लेखिका तासभर बोललेल्या असतात, बहुधा त्याच दिवशी प्रवास करून आलेल्या असतात. म्हणजे तुमच्या वाट्याला अर्धं-पाऊण मिनिट येणार, आणि त्यातलंही अर्धं नाव लिहिण्यात जाणार. एवढ्यात ओळख होत नाही. आपण त्यांचं काय काय वाचलं, किती वर्षं वाट पाहिली, हे सांगूनही होत नाही. पण एक वाक्य मात्र नीट पोचतं. ते वाक्य घरून तयार करून न्या.

कसलं वाक्य? ‘मला तुमचं लेखन फार आवडतं’ हे खरंच असतं, पण ते त्यांनी तुमच्या आधीच्या माणसाकडून ऐकलेलं असतं आणि तुमच्या नंतरच्याकडून ऐकायचं असतं. लेखकाला आपल्या पुस्तकाबद्दल जवळजवळ सगळं माहीत असतं. कुठलं प्रकरण चार वेळा लिहिलं, कुठलं पात्र शेवटच्या खर्ड्यात आलं, कुठल्या ओळीवर संपादकाशी वाद झाला. एकच गोष्ट त्याला स्वतःहून कधी कळू शकत नाही, ती म्हणजे ते पुस्तक वाचताना दुसऱ्या माणसाचं काय झालं. ती फक्त तुमच्याकडे आहे. त्यातला एक नेमका तुकडा द्या: अमुक पान, अमुक प्रसंग, आणि तिथे माझं असं झालं.

एकदा एका कादंबरीच्या सह्या चालू होत्या. रांगेतला एक तरुण टेबलाशी आला आणि एका दमात म्हणाला, “तुमच्या गोष्टीतले वडील जिना चढताना पायऱ्या मोजतात. माझे वडील नजर गेल्यावर तसंच मोजायचे. मला वाटायचं ती नुसती सवय आहे.” लेखिकेचं पेन कागदाला टेकलेलं होतं, ते तिने उचललं. मान वर करून विचारलं, “किती पायऱ्या होत्या?” तो म्हणाला, “बावीस.” तिने नाव लिहिलं, खाली ‘बावीस पायऱ्यांसाठी’ असं लिहिलं आणि सही केली. सगळं मिळून मिनिटभरही लागलं नसेल. मागची रांग खोळंबली नाही, कुणी कुरकुरलं नाही. पण टेबलाच्या अलीकडे आणि पलीकडे बसल्या-उभ्या दोन माणसांना त्या पुस्तकाबद्दल एक नवी गोष्ट कळली होती.

तुमच्याकडे असं वाक्य आधीच आहे. ते तुमच्या प्रश्नातच आहे: ही पुस्तकं मला बहिणीने दिली. फक्त ते थोडं नेमकं करा. कुठलं पुस्तक, केव्हा, तिने काय म्हणून हातात ठेवलं? ‘बहिणीने होस्टेलला जाताना हे पुस्तक माझ्या उशीखाली ठेवलं होतं’ असं काही असेल तर तेवढंच पुरे. तिच्यासाठी कार्यक्रमातच नवी प्रत घ्या आणि त्यावर तिच्या नावाने सही मागा. स्वतःची जुनी प्रत आणि तिची नवी प्रत एकावर एक ठेवून दोन्हींची नावं सांगितलीत, की ते वाक्य बोलायला जागाही आपसूक मिळते.

आता शब्द न फुटण्याबद्दल. हे फार जणांचं होतं, आणि त्यात कमीपणा काही नाही. कुणाला रडू येतं, कुणाचा आवाज चिरकतो, कुणी नुसतं हसून पुस्तक पुढे करतं. लेखकांनी हे पाहिलेलं असतं, आणि जे मनापासून आलंय ते त्यांना ओळखता येतं. तरी भीती वाटत असेल तर वाक्य एका चिठ्ठीवर लिहा आणि पुस्तकात सहीच्या पानावर ठेवा. बोलता आलं तर बोला, नाही आलं तर चिठ्ठीकडे बोट दाखवा. त्या वाचतील. मी कित्येकदा अशी चिठ्ठी उघडून लेखकापुढे सरकवली आहे, आणि ती न वाचता कुणी सही केलेली मला आठवत नाही.

एक नाजूक गोष्ट. कधी कधी वाक्य फार जड असतं. आजारपणात, कुणाच्या जाण्यानंतर, अगदी एकटं पडलेलं असताना एखाद्या पुस्तकाने सावरलेलं असतं. ते सांगावं की नाही असा संकोच वाटतो. जरूर सांगा, पण थोडक्यात सांगा आणि सांगून झाल्यावर ‘थँक्यू’ म्हणून थांबा. समोरच्या माणसाला त्या क्षणी योग्य उत्तर सुचेलच असं नाही. मागे शंभर माणसं उभी असताना तर नाहीच. उत्तराची वाट पाहत उभं राहिलं की दोघांनाही अवघडल्यासारखं होतं. सविस्तर सांगायचं असेल ते पत्रात लिहा.

पत्र द्यायला अजिबात हरकत नाही. एक कागद, दोन्ही बाजूंनी भरलेला चालेल, त्याहून मोठं नको. पाकिटावर ‘आत्ता वाचायची गरज नाही’ असं लिहिलंत तर लेखिकेचा जीव भांड्यात पडतो. मग त्या ते पत्र हॉटेलवर किंवा परतीच्या प्रवासात शांतपणे वाचतात. शेवटी तुमचा पत्ता किंवा ई-मेल लिहा, पण उत्तर आलं नाही तर मनाला लावून घेऊ नका. मात्र स्वतःच्या कथा-कवितांचं बाड देऊ नका. तुम्ही लिहीत असाल तर मोह होईल, मला कळतं. पण अनेक लेखक अनोळखी माणसाचं अप्रकाशित लेखन हातात घेतच नाहीत. पुढे कधी त्यांच्या लेखनात त्याच्याशी मिळतंजुळतं काही आलं, तर उचलल्याचा आळ येऊ शकतो आणि प्रकरण वकिलांपर्यंत जाऊ शकतं. त्यामुळे नकार येतो, आणि तुमचं ते पाऊण मिनिट त्या नकारात संपून जातं. भेटवस्तूचंही तसंच. द्यायचीच तर बॅगेत सपाट मावेल अशी, तुटणारी-सांडणारी नसलेली. स्वतः काढलेलं छोटं चित्र, हाताने केलेली खूणपट्टी, असलं काही.

आता पुस्तकांकडे येऊ. सगळी नेऊ नका. आयोजकांना आधी फोन करून किंवा निमंत्रणावर नीट पाहून तीन गोष्टी विचारून घ्या: घरून आणलेल्या पुस्तकांवर सही मिळेल का, एका माणसाला किती पुस्तकांची मर्यादा आहे, आणि नाव घालून सही मिळेल की नुसती सही. गर्दी फार असेल तर लेखक कधी कधी आधीच सह्या करून ठेवतात आणि मग नाव घालायची सोय नसते. हे दारात कळण्यापेक्षा घरी कळलेलं बरं. काही ठिकाणी तिथे विकत घेतलेल्या पुस्तकामागे घरचं एक पुस्तक असा नियम असतो. तो जाचक वाटतो, पण त्यामागे साधं गणित आहे. कार्यक्रमाला तिकीट नसेल तर सभागृह, ध्वनिक्षेपक, लेखिकेचा प्रवास, माणसं, या सगळ्याचा खर्च बऱ्याच अंशी त्या दिवशीच्या विक्रीवर भागवावा लागतो. पुस्तकंच खपली नाहीत तर पुढच्या वेळी तो विक्रेता अशा कार्यक्रमाला हो म्हणायला कचरतो. बहिणीसाठी नवी प्रत तिथेच घ्या म्हणाले ते यासाठीही.

घरून नेण्यासाठी एक निवडा, आणि ते सगळ्यात जास्त वापरलेलं निवडा. लोक नेमकं उलटं करतात. जुनी प्रत फाटकी दिसते म्हणून लपवतात आणि कोरी घेऊन येतात. पाठ सुटलेली, कडा काळवंडलेली, मधोमध चिकटपट्टी लावलेली प्रत समोर आली, की लेखक सही करायच्या आधी ती हातात घेऊन उलटसुलट पाहतात. कुठे दुमडलंय, कुठे पेन्सिलीने खूण केलीय, हे चाळतात. अशा वेळी रांग जरा लांबली तरी मी घाई करत नाही. तुमची ती शाळेतली प्रत असेल, बहिणीने नाव घातलेली असेल, तर दुसरा विचारच करू नका.

दोन प्रकारची पुस्तकं मात्र नेऊ नका. एक, ग्रंथालयाचं. दुसरं, पायरेटेड छापलेलं. रस्त्यावर स्वस्तात मिळालं तेव्हा आपल्याला कदाचित कळलेलंही नसतं, पण लेखकाला हातात घेताक्षणी कळतं. कागद वेगळा, अक्षर किंचित धुरकट, मुखपृष्ठाचा रंग हललेला. काही जण काही न बोलता सही करतात, काही जण बाजूला ठेवतात. दोन्ही वेळा त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते तुम्हाला पाहावंसं वाटणार नाही.

तुम्ही पुस्तकं ई-बुक म्हणून वाचली असतील किंवा ऑडिओबुक म्हणून ऐकली असतील, तर तेही संकोच न करता सांगा. सहीसाठी एखादं कोरं जाड कार्ड किंवा आवडती वही न्या. आणि पुस्तक अनुवादित असेल आणि अनुवादकही मंचावर असतील, तर त्यांचीही सही त्याच पानावर आवर्जून घ्या. तुम्ही वाचलेलं प्रत्येक वाक्य त्यांनी लिहिलेलं असतं, तरी बहुतेक रांग त्यांच्या खुर्चीवरून सरळ पुढे जाते. मला हे दर वेळी खुपतं.

प्रत्यक्ष कार्यक्रमाबद्दल. माणसं सहीचाच विचार करत बसतात आणि तो तास हातातून निसटतो. खरं तर लेखिकेचा सलग सहवास मिळतो तो याच तासात. अर्धा तास आधी जा. पुढची जागा मिळाली तर उत्तम, पण बाजूच्या वाटेलगतची खुर्ची रांगेसाठी सोयीची पडते. ऐकायला किंवा बराच वेळ उभं राहायला त्रास होत असेल तर आल्याआल्या आयोजकांच्या माणसाला सांगा. अशांना पुढे बसवायची किंवा रांगेत आधी घ्यायची व्यवस्था बहुतेक ठिकाणी करता येते, पण सांगितल्याशिवाय आम्हाला कळत नाही.

वाचन सुरू झालं की फोन खाली ठेवा. रेकॉर्डिंगचं म्हणाल तर आयोजक करत असतील तर ते मिळेल, आणि तुम्ही केलेलं बहुधा पुन्हा ऐकलं जाणार नाही. त्याऐवजी एका गोष्टीकडे कान द्या: छापलेल्या मजकुरातलं त्या काय गाळतात, काय बदलतात. जवळजवळ सगळे लेखक मोठ्याने वाचताना आपलंच पुस्तक दुरुस्त करतात. एखादं विशेषण टाळतात, एखादा परिच्छेद ओलांडतात, संवादातला शब्द बदलतात. त्यांच्या हातातल्या प्रतीवर पेन्सिलीच्या रेघा असतात. ही रीत जुनी आहे. चार्ल्स डिकन्स यांनी १८५८ पासून स्वतःच्या पुस्तकांची जाहीर वाचनं व्यवसाय म्हणून केली आणि शेवटचं वाचन १५ मार्च १८७० रोजी लंडनला झालं. त्या वाचनांसाठी त्यांनी वेगळ्या प्रती करून घेतल्या होत्या. त्यात मजकुराला कात्री लावलेली, महत्त्वाच्या शब्दांखाली रेघा ओढलेल्या आणि कुठे कसं वाचायचं याच्या सूचना त्यांनी स्वतःसाठी समासात लिहिलेल्या. तुमच्या लेखिकेने एखादं वाक्य गाळलेलं तुम्हाला कळलं, तर तो प्रश्नोत्तरांत विचारायला फार चांगला धागा आहे.

प्रश्न जरूर विचारा. टेबलाशी घाई असते, इथे त्या दोन-तीन मिनिटं तुमच्या प्रश्नावर बोलतील आणि सगळं सभागृह ऐकेल. पण प्रश्न लिहून आणा आणि तो एका श्वासात म्हणता येईल एवढा ठेवा. आधी स्वतःची ओळख, मग आपण काय वाचलं, मग आपलं मत आणि मग प्रश्न, असं पाल्हाळ लागलं की लोक चुळबुळायला लागतात आणि लेखिकेलाही कशाचं उत्तर द्यायचं कळेनासं होतं. ‘तुम्हाला कल्पना कुठून सुचतात?’, ‘हे सगळं तुमच्या आयुष्यातलं आहे का?’, ‘पुढचं पुस्तक केव्हा?’ या प्रश्नांची उत्तरं त्यांना पाठ झालेली असतात. तुम्हालाही तेच पाठ उत्तर मिळेल. विचार करायला लावतो तो निवडीबद्दलचा प्रश्न. ‘आईचं ते पत्र शेवटपर्यंत वाचकाला दाखवलं नाहीत. तुम्ही ते लिहिलं होतं का?’ किंवा ‘धाकट्या भावाच्या तोंडून गोष्ट सांगायचं केव्हा ठरलं?’ अशा प्रश्नाला लेखक क्षणभर थांबतात, मग बोलायला लागतात, आणि पुष्कळदा त्या संध्याकाळचं सगळ्यात चांगलं बोलणं तिथून निघतं. फक्त शेवट फोडू नका. सभागृहातल्या निम्म्या लोकांनी नवं पुस्तक त्याच दिवशी घेतलेलं असतं. आणि माइक हातात येईपर्यंत थांबा, मागच्या रांगांना तुमचा प्रश्न ऐकूच आला नाही तर उत्तरही अर्धंच कळतं.

आता रांग. कुठलं पान पुढे करायचं याबद्दल लोक गोंधळतात. सही टायटल पेजवर घ्या, म्हणजे जिथे पुस्तकाचं नाव, लेखिकेचं नाव आणि खाली प्रकाशकाचं नाव छापलेलं असतं त्या पानावर. त्याच्या आधी नुसतं पुस्तकाचं नाव असलेलं हाफ टायटल असतं, तेही चालतं. पण मुखपृष्ठाच्या आत चिकटवलेल्या जाड कागदावर घेऊ नका. तो कागद पुस्तकाच्या शिवणीत नसतो, बांधणी सुटली की आधी तोच निखळतो. काही लेखक टायटल पेजवरचं छापील नाव एका रेघेने खोडतात आणि खाली सही करतात. ती जुनी पद्धत आहे, चुकून खोडलं असं समजू नका. मुखपृष्ठावर सुटं कागदी वेष्टन असेल तर त्याची आत दुमडलेली पट्टी त्या पानाशी घालून ठेवा, पुस्तक उघडताच ते पान समोर येतं.

नावाची चिठ्ठी स्वतः करून ठेवा, मोठ्या अक्षरात. आपल्या नावांत ऱ्हस्व-दीर्घाची फार गंमत असते. सुनीता की सुनिता, मीनल की मिनल, श्रुती की श्रुति हे लेखकाला नुसतं ऐकून कळणार नाही, आणि एकदा शाईने चुकलेलं नाव दुरुस्त होत नाही. बहिणीच्या प्रतीत वेगळी चिठ्ठी घाला.

पेन टेबलावर असतंच, पण तुमच्या पुस्तकाचा कागद कसा आहे हे तुम्हाला माहीत असतं, आम्हाला नाही. जुन्या, मऊ, पिवळ्या पडलेल्या कागदावर फाउंटन पेनची शाई फुटते आणि परमनंट मार्कर तर मागच्या पानावर उतरतो. चकचकीत आर्ट पेपरवर उलट होतं: जेल पेनची शाई वर तशीच राहते आणि बोट लागलं की पुसटते. बॉलपेनने कुठेही भागतं, पण दाबून लिहिलं की पलीकडच्या पानावर वळ उठतात. पिगमेंट शाईचं बारीक टोकाचं पेन साध्या कागदावर सगळ्यात बरं. ते पाण्याने लवकर पसरत नाही आणि रंगही टिकतो. सही झाल्यावर पुस्तक लगेच मिटू नका. उघडं धरून टेबलापासून बाजूला व्हा, मिनिट-दोन मिनिटं वाळू द्या, किंवा मध्ये एक कोरा कागद घाला. फार सुंदर मजकूर समोरच्या पानावर उलटा उमटलेला मी पाहिला आहे, आणि त्या वाचकाचं तोंड पाहवत नव्हतं.

नाव घालून घ्यावं की नुसती सही? पुस्तक पुढे विकायचं असेल तर नुसती सही असलेली प्रत घेणारे जास्त मिळतात. नाव असलेली प्रत संग्राहकांना मोलाची वाटते ती बहुधा ते नाव कुणा प्रसिद्ध माणसाचं असेल तेव्हा. तुम्हाला विकायचं नाही, हे तुमच्या प्रश्नावरून स्वच्छ दिसतं. तेव्हा नाव घाला, तारीख घाला, जागा घाला. सहीची किंमत ती कुणाच्या हातची आहे याहून थोडी जास्त असते. अमेरिकी गायक-गीतकार बॉब डिलन यांच्या एका पुस्तकाच्या ‘हाताने सही केलेल्या’ प्रती २०२२ मध्ये ६०० डॉलरला विकल्या गेल्या. वाचकांनी आपापल्या सह्या एकमेकांशी ताडून पाहिल्या तेव्हा त्या यंत्राने केलेल्या निघाल्या. प्रकाशकाने पैसे परत केले, डिलन यांनी माफी मागितली. याउलट कॅनडातल्या लेखिका मार्गारेट ॲटवुड यांच्या कल्पनेतून आलेलं लाँगपेन नावाचं यंत्र २००६ साली लोकांसमोर आलं. त्यात लेखक दूर कुठेतरी बसून स्क्रीनवर वाचकाशी बोलतो, तिथे लिहितो, आणि इथल्या पुस्तकावर यंत्राचा हात तेच अक्षर उमटवतो. तिथेही सही यंत्रानेच होते, पण ती कुणासाठी चाललीय हे लेखकाला माहीत असतं. माझ्या मते दोन्हींतला खरा फरक हाच, आणि म्हणूनच गर्दी कितीही असली तरी नाव विचारून लिहिणारे लेखक मला आवडतात.

फोटोचं थोडक्यात. आधी विचारा, फोनचा कॅमेरा उघडा ठेवा आणि फोन मागच्या माणसाच्या हातात आधीच द्या. त्या सही करत असतानाचा फोटो उभं राहून काढलेल्यापेक्षा बहुतेकदा चांगला येतो, आणि वेळही जात नाही. खांद्यावर हात ठेवू नका, मिठी मारू नका, त्यांनीच हात पुढे केला तर गोष्ट वेगळी. हस्तांदोलनाचाही आग्रह नको. शंभर-दीडशे सह्यांनंतर मनगट ठणकत असतं, मी लेखकांना टेबलाखाली बोटं चोळताना पाहिलं आहे.

आणि समजा त्या रुक्ष वाटल्या? वर न बघता सही केली, तुमच्या वाक्यावर नुसतं ‘हो का’ म्हणाल्या? असं होतं. कुणाला गर्दी सोसत नाही, कुणाला रात्रीची गाडी गाठायची असते, कुणी मुळातच अबोल असतं. कागदावर मोकळं होणारी माणसं समोरासमोर अशी असणं अजिबात विरळ नाही. ज्यांना मी टेबलाशी अगदी गप्प पाहिलं, त्यांनी सभागृह रिकामं झाल्यावर ‘तो पायऱ्यांबद्दल बोलला तो मुलगा’ किंवा ‘त्या निळ्या साडीतल्या बाई काय म्हणाल्या’ असं आपणहून काढलेलं आहे. वाचकाला हे कधीच कळत नाही. तुमचं वाक्य पोचलं की नाही हे त्यांच्या त्या क्षणीच्या चेहऱ्यावरून ठरवू नका.

रांगेतल्या लोकांशी बोला. ज्या पुस्तकाबद्दल घरी-दारी कुणाशी बोलता येत नाही, ते वाचलेली शंभर माणसं तुमच्या मागेपुढे तासभर ताटकळत उभी असतात. अशी संधी क्वचित येते. मी पाहिलेल्या वाचनगटांतले काही अशा रांगांतच जमले.

घरी पोचल्यावर झोपायच्या आधी एक काम करा. पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहा: त्या काय वाचल्या, तुम्ही काय म्हणालात, त्या काय म्हणाल्या. शब्द जसेच्या तसे. उत्साहाच्या भरात वाटतं हे कधीच विसरणार नाही, आणि आठवड्याभरात त्यांचं बोलणं आणि आपलं मनातलं बोलणं यांची सरमिसळ होते. पुस्तक उन्हात येईल अशा फळीवर ठेवू नका, शाई फिकी पडते. सहीच्या पानावर प्लॅस्टिक चिकटवू नका, त्याचा गोंद काही वर्षांनी कागद पिवळा करतो. बहिणीची प्रत पाठवायची असेल तर ती चिठ्ठी आत तशीच राहू द्या.

त्या पुन्हा कधी जवळपास आल्या तर हीच जुनी प्रत घेऊन जायला हरकत नाही. पहिल्या सहीखाली नवी तारीख घालून द्याल का, असं विचारलं तर बरेच लेखक आनंदाने देतात.